धूपछाव

दिवसभर मी पांढऱ्यात असते.
पांढरी टोपी, पांढरे गमबूट,
पट्ट्यावरून सरकत येणारा कॉडचा पांढरा तुकडा.
त्यातला चुकार काटा शोधण्याचा
मला पगार मिळतो.
घरी यावं तर वर ग्रिम्सबीचं आभाळ,
आणि आभाळाला विचारूनच रंगवल्यासारखं
मागच्या बागेचं कुंपण.

म्हणून एका शनिवारी पर्समध्ये चिंधी घालून
रंगाच्या दुकानात गेले.
करड्याचेच अठ्ठावीस प्रकार मोजले :
गारगोटी, धुकं, ओला दोरखंड,
एकाचं नाव चक्क रविवार दुपार.
काउंटरवर चिंधी ठेवली.
सोलापूरला चाटी गल्लीत घेतलेल्या इरकलीचा
ब्लाउजपीस, शिवायचा राहून गेलेला.
म्हटलं, हा रंग हवाय. कुंपणाला.

कॅलम त्या पोराचं नाव, शर्टावर लिहिलेलं.
त्यानं कापड यंत्राखाली धरलं.
यंत्र म्हणालं, हिरवा.
कापड जरा फिरलं.
यंत्र म्हणालं, जांभळा.
तिसऱ्यांदा यंत्र काही बोललंच नाही.
"हे बिघडलंय," कॅलम म्हणाला.
यंत्र की कापड, ते त्यानं सांगितलं नाही.

उभा धागा एक, आडवा दुसरा,
हे मी त्याला बोटं एकमेकांत गुंतवून दाखवलं.
त्याला वाटलं मी प्रार्थना करतेय.
शेवटी दोन डबे घेतले.
झाकणांवर त्याचे आकडे होते,
घरी येऊन मी मार्करनं लिहिलं :
पोपटी. वांगी.

मग कुंपणावर लाकडी पट्ट्या ठोकल्या,
सपाट नाही, कडेवर उभ्या,
उघड्या वहीच्या पानांसारख्या.
डावं अंग पोपटी, उजवं वांगी.
तीन शनिवार गेले, एक नख गेलं,
आणि वारा असा की अर्धी वांगी माझ्या केसांत.
पण आता दारापासून शेडकडे चाललं
की कुंपण पोपटी,
आणि कुदळ घेऊन परत यावं तर वांगी,
आणि बरोबर मध्ये थांबलं
तर ज्याला नाव नाही असं काहीतरी.

बाकीचं हात थांबेनात म्हणून.
फुटक्या बश्यांचे तुकडे कुंडीला चिकटवले,
जुने चमचे ठोकून सपाट केले,
त्यांवर कोरलं : पुदिना, मेथी, आणि एकावर
'बघू' – तिथं काय पेरलंय ते मी विसरले होते.

ऑड्री शेजारची. तरुणपणी गोदीत जाळी विणायची,
अजून तिच्या गाठी सुटत नाहीत.
माझ्या पट्ट्या बघून म्हणाली, खिळे वाकडे आहेत.
मग बराच वेळ बोलली नाही.
एक डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला.
मी विचारलं, काय झालं?
म्हणाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.
झालेल्यात दोरीवरची चादर पांढरी दिसते,
न झालेल्यात तीच चहात बुडवलेली.
तुझ्या कुंपणाचं तर मी चारदा वेगळंच बघतेय,
जागची न हलता.

आम्ही त्याला मोतीबिंदू म्हणतो, मी सांगितलं,
मोत्याचा थेंब.
"मग एक मोती त्यांनी घेतला," ती म्हणाली,
"आणि उरलेला गुरुवारी नेणार."

बुधवारी संध्याकाळी ती घडीची खुर्ची घेऊन आली,
जाळ्याचा एक जुना गोळा घेऊन आली,
मागून घेऊन उरलेला रंग त्याला फासला,
न विचारता पट्टीला टांगला,
अशा गाठीनं की तो आता घर पडलं तरी पडणार नाही.
मग बसली.
डावा डोळा. उजवा डोळा.
सीगल ओरडत होते, चहा निवत होता,
मी शेडपर्यंत जाऊन परत येत होते, पोपटी, वांगी,
आणि ती खुर्चीतून म्हणाली,
आज बसून बघून घेते गं.
उद्यापासून मलाही तुझ्यासारखं
चालावं लागणार.